मांडव्याचा देवदार

आमच्या नर्सरीत पालापाचोळा झाडायला बाई येते, किस्से झाडायला कोणी येत नाही. त्यामुळे ते साचतात! त्यात आमच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक संशयी आणि विकणारा मी त्याहून संशयी. कोणी "रोप छान आहे हो" म्हणालं तरी मी आधी त्याच्या पिशवीत डोकावतो. ह्या एका देवदाराचेच किस्से ऐका.

* * *

मांडवा जेट्टीवरून अलिबागला निघालात की रस्त्याला लागूनच आमची नर्सरी. शेठनी कोणाच्या तरी नादाला लागून हिमाचलहून एक देवदार आणला. पुरुषभर उंच, निळसर हिरवा, दिसायला राजबिंडा. मी हादरलोच.

"शेठ, हा बर्फात उभा राहणारा गडी. आपला उकाडा ह्याला कसा सोसणार? मे महिन्यात काय करायचं?"

शेठ शांतपणे म्हणाले, "मे महिन्याच्या आत विकायचा!"

* * *

घेतला एका मुंबईच्या मॅडमनी. इथे जवळच त्यांचा बंगला. त्यांनी देवदाराची एक सुई तोडली, वास घेतला, चावून बघितली. "प्लास्टिकचा नाही ना?"

आता मला खोटं बोलवेना. म्हटलं, "मॅडम, झाड अस्सल आहे, पण थंड, कोरड्या हवेतलं. कडाक्याच्या थंडीत ते झोप काढतं, तोच त्याचा आराम. आपल्याकडे थंडी म्हणजे पंखा दोनवर! शिवाय दमट हवेत बुरशी धरते, मुळाशी पाणी साचलं तर कारभार आटोपला. नका घेऊ."

मॅडमनी डोळे बारीक केले. "दुसऱ्या कोणाला शब्द दिलाय वाटतं?"

आणि उभ्या उभ्या झाड उचललं! जन्मात एकदा खरं बोललो, त्याचं हे फळ.

* * *

पंधरवड्यात मॅडमचा फोन. इंटरनेटवर वाचून त्यांनी हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र घेतलं होतं, तेही आमच्याच दुकानातून. "तुमचं यंत्र बिघडलंय. सकाळ-संध्याकाळ काटा वरच!"

म्हटलं, "मॅडम, समोर समुद्र आहे."

"समुद्र मलाही दिसतो. यंत्र बदलून द्या."

दिलं बदलून. नव्याचाही काटा तिथेच. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही तुमचीच ना? मग दोघं एकच बोलणार!"

* * *

बंगला सांभाळायला हरीभाऊ. मागच्या खोलीत तो, त्याची बायको वनितावहिनी आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. उन्हाळा चढला तसं मॅडमनी फर्मान काढलं, झाडाच्या आळ्यात रोज सकाळी बर्फ घाल. आता आळ्यात बर्फ घालून हवा थोडीच थंड होते! पण हरीभाऊ बिचारा बंदरावर जाऊन मासळीवाल्यांच्या बर्फातून पाटी भरून आणू लागला.

तिथल्या कोळणींना लगेच संशय. हा गुपचूप मासळीचा धंदा काढतोय! एकीनं अडवलाच. "कुठं बसतंस रं विकायला?"

"मावशे, झाडाला घालतो बर्फ."

"आमाला येडी समजतंस व्हय?"

ती तरातरा त्याच्या मागे बंगल्यापर्यंत गेली. हरीभाऊ झाडाभोवती बर्फ रचतोय हे कुंपणाबाहेरून बघितलं आणि आल्या पावली परत फिरली. दुसऱ्या दिवशी वहिनीला निरोप आला, "नवऱ्याला डाक्टरला दाखीव. उशीर करू नको."

* * *

इथवर हसायला ठीक होतं. पुढे झाडाची टोकं तपकिरी पडली आणि मॅडमचं डोकं फिरलं. हरीभाऊला व्हिडिओ कॉल करून म्हणाल्या, "त्या जागेवर तुला कांदा लावायचा होता ना? म्हणून मारतोयस झाड! ते मेलं तर सामान बांधायचं."

हरीभाऊ नर्सरीत आला तो रडवेलाच. "महेश, पोरींची शाळा हितं, र्‍हायला खोली हितं. कांदा मी सहज इचारला होता रे!"

मला कसंसंच झालं. पण स्वभावाला औषध काय? मनात आलंच, खरंच ह्यानंच तर नसेल ना मारलं?

* * *

म्हणून रविवारी मॅडम लाँचने यायच्या आधीच मी बंगल्यावर पोचलो. देवदार पार करपला होता. आळ्यातली माती उकरली तर पांढरे दाणे. जिभेवर ठेवले. मीठ! जाडं, आपलं घरातलं.

"हरीभाऊ!" मी ओरडलोच.

पण पुढे आली वहिनी. "त्यांना म्हायत न्हाय. मी घातला. आमच्या वाडीत माड पिवळा पडला की आळ्यात मीठ घालतात, तजेला येतो त्याला. म्हटलं हा पन उठंल. जरा जरा करून रोज घालत होते. भावजी, हा गेला तर आमी कुठं जानार?"

आपल्या हवेत तो जाणारच होता, मिठाने चार दिवस आधी नेला, एवढंच. पण हे मॅडमना कोण पटवणार? तेवढ्यात फाटक वाजलं.

मॅडम तडक झाडाशी आल्या. "काय निघालं?"

"हवा, मॅडम," मी म्हटलं. "दमटपणा आणि उकाडा. दुसरं काही नाही."

मॅडमनी आजवर माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. त्या खाली वाकल्या, चिमूटभर माती घेतली आणि सरळ जिभेवर ठेवली. हरीभाऊ माझ्याकडे बघायला लागला. वहिनीने पदराचं टोक तोंडात कोंबलं होतं.

मॅडमनी माती चाखली. वहिनीकडे, तिच्या तोंडातल्या पदराकडे बघितलं. मग रुमालाने जीभ पुसली.

"बरोबर आहे. हवाच वाईट इथली. हरी, हे काढ आणि इथे माड लाव."

फाटकापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या.

"आणि त्याचं खतपाणी वनिताच बघेल!"