दोन मशिनं दादरला, एक लालबागला

दोन मशिनं मी माझ्याच घरात ठेवली, हा मूर्खपणा आधी कबूल करते. एक माळ्यावर, एक शिलाई मशीनखाली. तिसरं लालबागला भावाकडे. तेव्हा मी साठीची, नुकती निवृत्त. ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळले म्हणून जगातलं सगळं कळतं, अशी समजूत. आज ती बाई भेटली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

काम साधं होतं. गणेश चतुर्थीला गिरगाव, दादर, लालबागच्या घरी प्राणप्रतिष्ठेला गुरुजी पाठवायचे. कोण, कुठे, किती वाजता, सगळं माझ्या कॉम्प्युटरवरच्या एका डेटाबेसमध्ये. आदल्या वर्षी तो ऐन श्रावणात बंद पडला आणि मी हाय खाल्ली.

सून सॉफ्टवेअरमध्ये. ती म्हणाली, "आई, दोनेकशे घरांचं काम. नेहमीचाच डेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा, रोज एक प्रत काढा. पुरे."

'पुरे' हा शब्द मला तेव्हा अपमान वाटायचा. मी डिस्ट्रिब्युटेड एसक्यूएलबद्दल वाचून बसले होते. तक्ते तेच, प्रश्न विचारायची भाषा तीच, पण माहिती तीन मशिनांवर. तीनपैकी दोघांचं एकमत झालं तरच नोंद पक्की. एक मेलं तरी उरलेली दोन काम ओढतात. मला तर हेच हवं.

"मग तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी हवीत हं," सून म्हणाली. "एक फणसवाडीला काकूंकडे ठेवा."

काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिच्याकडे मशीन गेलं की कारभार आपणच बघतो, असं ती गिरगावभर सांगत सुटली असती.

"तिच्याकडे झुरळं आहेत," मी म्हटलं.

"आपल्याकडे नाहीत?"

मी दुसरं मशीन शिलाई मशीनखाली सरकवलं.

चतुर्थीला सकाळी आमच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत ठिणग्या उडाल्या आणि वीज गेली. दोन्ही मशिनं गप्प. भावाचा लालबागहून फोन, "ताई, हे चालू आहे गं, पण काही दाखवतच नाही." दाखवणार कसं? एकटं उरलेलं. दुसऱ्याच्या होकाराशिवाय बोलायचं नाही हा त्याचा नियम, आणि त्या नियमावर भाळूनच मी ते घेतलं होतं.

तेवढ्यात एका गुरुजींचा फोन. घसा पार गेलाय, अकराचं काळाचौकीचं घर जमणार नाही. तिथले आजोबा दरवर्षी गणपतीला गावी जायचे. यंदा गुडघ्यांमुळे पहिल्यांदाच मूर्ती इथे आणलेली. मुहूर्त दीडपर्यंत. त्याआधी कुणीतरी पोचायला हवं, आणि मोकळं कोण ते मशीनच्या पोटात.

मी फोन लावत सुटले. गुरुजी पूजेत, त्यांचे फोन पिशवीत. गॅलरीत जायचं, आत यायचं, तांब्या उचलायचा, पाणी न पिताच ठेवायचा. सून म्हणाली, "आई, बसा जरा." बसवेना. घड्याळ भिंतीवर, तरी मी दर मिनिटाला मोबाईलमध्ये वेळ बघत होते, जणू तिथे कमी वाजले असतील.

साडेबाराला परळचे एक गुरुजी सापडले. मी टॅक्सी करून परळला गेले, त्यांना आत घातलं. वाटेत गर्दी, ढोल, टॅक्सी जागची हलेना. शेवटी उतरून चालत निघालो. मी पुढे, गुरुजी धोतर सावरत मागे.

तीन जिने चढून पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. आत उदबत्तीचा घमघमाट. मूर्तीवर दुर्वा, अक्षता, जास्वंद. शाळकरी नात मोबाईलवरून मंत्र वाचून दमलेली, आणि पानंसुद्धा वाढलेली. गुरुजी पिशवी घेऊन दारातच उभे राहिले. मी तीन मशिनं, एकमत, वीज असं काहीबाही सांगायला लागले. आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आम्हा दोघांच्या हातावर एकेक मोदक ठेवला आणि म्हणाले,

"रागान नाय सांगत, बाई. पण पुढल्या वर्साक आमचा नाव तुमच्या मशिनीत घालू नका. पूजा आमकाच करूक येता, ता आज कळला."