बीजेची कोर, मेंढरासह

भावाचे वर्षश्राद्ध झाले आणि सण करायला हरकत उरली नाही. भाऊबीज आठ दिवसांवर होती. जिला भाऊ नाही तिने बीजेच्या चंद्राला ओवाळावे, अशी आमच्याकडे रीत. पण शिनोलीतल्या माझ्या घराच्या पश्चिमेला डोंगर आहे. बीजेची कोवळी कोर त्याच्याआडच मावळते, अंगणातून कधी दिसत नाही. म्हणून ठरवले, चंद्र आपणच कोरायचा.

लिनोलियमच्या तुकड्यांवर मी कागदावर छापायचे ठसे कोरते, बहुधा लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतले प्राणी. चंद्रावरच्या डागात मला ससा दिसे, भावाला मेंढरू. त्यावरून आम्ही ओसरीवर भांडत असू. या वेळी मेंढरू कोरले, पाय पोटाशी घेऊन कोरेच्या कुशीत निजलेले. पात्याखालून निघणाऱ्या सालपटांना जवसाच्या तेलाचा उबट वास होता. सात दिवस मी कोणाशी बोलले नाही. बोलायला कोणी नव्हतेही.

भाऊबीजेच्या दुपारी ठशावर काळी शाई फिरवली, कागद ठेवला, पळीच्या पाठीने घासून अलगद उचलला. शेजारच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. त्या मेंढपाळांतली एक बाई कळशी घेऊन पाण्याला आली आणि वाळत घातलेल्या छापापाशी थबकली.

“कोकरू लई ग्वाड हाय, ताई. कोर कंची म्हनायची?”

“बीजेची.”

ती हसली. “न्हाय वं. ही आवसंच्या आदी पहाटं निगती ती. बीजंचं पोट उजव्या अंगाला आसतंय. तुमी पहाटं निजल्याल्या आसता, ती तुमाला कशी घावंल?”

कळशी भरून ती गेली. छापात डाव्याचे उजवे होते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण माझे बिबटे, ससे, मोर कुठेही तोंड करून उभे राहिले तरी खपत आले होते. चंद्राचे तसे नाही. अमावास्येकडे निघालेली कोर भावाच्या जागी पाटावर मांडायला माझे हात धजेनात. नवी कोरायला वेळ नव्हता. ऊन डोंगरामागे उतरू लागले होते.

ओट्यावर ठसा पडला होता, शाईने अजून ओला. त्याच्यावरची कोर मी काढली तशीच होती, उजव्या अंगाला पोट असलेली. मी ठसाच पाटावर टेकवून ठेवला, भोवती रांगोळी घातली. कुंकवाचे बोट लावले, ते शाईत काळवंडले. अक्षता टाकल्या, त्या खाली पडल्याच नाहीत. निरांजन फिरवताना मेंढराच्या कडेने शाई चकाकत होती. दर वर्षी ओवाळताना मी भावाला काहीतरी बोलून चिडवीत असे. त्या संध्याकाळी ताट तेवढे फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी तांदूळ काढून ठसा पुसता आला असता. मी पुसला नाही. शाई वाळली, दाणे तिच्यात घट्ट बसले. त्या ठशावरून आता दुसरे चित्र निघणार नाही.