काकीच्या झाडाखाली मशीन फिरलं नव्हतं

"काळे-सान, काकीच्या झाडाखालचा कोपरा तुम्ही मशीनने पाहिला होता का?"

मिझुनो-साननी हे मला विचारलं तेव्हा जपानमधल्या त्या गावच्या सभागृहात सगळे जमीनमालक तातामीच्या चटयांवर बसले होते. शेतं एकत्र करण्यासाठी गावाने कमिटी नेमली होती, मिझुनो-सान तिचे अध्यक्ष. माझ्या समोरच सुगिउरा-सान होत्या. नवरा गेल्यावर एकटीने भात पिकवणाऱ्या, वयस्कर बाई. तो कोपरा त्यांच्याच शेतातला. तिथे काहीतरी पुरलेलं आहे हे आपण मला सर्व्हेच्या दिवशीच सुचवलं होतं, असं त्यांनी नुकतंच सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

मी म्हणालो, "हाय." म्हणजे हो.

ते खोटं होतं. मी त्या कोपऱ्यात पाऊलही टाकलं नव्हतं.

आधी काम काय होतं ते सांगतो. मी मूळचा पुण्याचा. नोकरीची सगळी वर्षं नागोयात, गाड्यांचे सेन्सर बनवणाऱ्या कंपनीत काढली. रिटायर झाल्यावर जुने सहकारी ओगावा-सान यांचा फोन आला. त्यांनी छोटी सर्व्हे कंपनी काढली होती. नागोयापासून गाडीने तासाभरावरच्या एका गावात लहान लहान, वाकडीतिकडी भातशेतं मोडून ट्रॅक्टरसाठी मोठी चौकोनी शेतं करायची होती. पण तिथल्या एका बांधात पूर्वी जुनी नाणी सापडली होती. जपानमध्ये जमिनीतून असं काही निघालं की काम थांबवून पालिकेला कळवावं लागतं, मग त्यांचे तज्ज्ञ येऊन तपासतात. म्हणून खोदायचं मशीन घालण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवून घ्यायचं ठरलं.

डिटेक्टर म्हणजे लांब दांड्याला लावलेली एक थाळी. तिला कॉइल म्हणतात. ती जमिनीपासून बोटभर वर धरून डावीउजवीकडे फिरवत चालायचं. खाली धातू असला की कानात आवाज येतो. लोखंडाचा आवाज जाड, घोगरा. तांब्याचा बारीक आणि स्वच्छ. जुनी नाणी तांब्याच्या मिश्रधातूची, मधे चौकोनी भोक असलेली. दोरीत ओवून ठेवलेली माळ सापडली तर आवाज असा येतो की माणूस चालता चालता थांबतोच. हल्ली मशीन कुठून कुठे फिरलं याची नोंद आपोआप होते. आमचं मशीन जुनं होतं. त्यात फक्त आवाज. कुठे पाहिलं आणि कुठे नाही, याला पुरावा माझ्या शब्दाचा.

माणसं चांगली होती. काळे हे आडनाव त्यांच्या तोंडी 'कारे' व्हायचं, आणि करीला जपानीत जवळजवळ तसंच म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत मी कॉन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेली ओनिगिरी, भाताचे गोळे, खायला लागलो की कोणीतरी म्हणायचंच, "करी-सान भात खातात, पण करी कुठाय?" सुगिउरा-सान हसायच्या नाहीत. त्या गुपचूप लोणच्याची वाटी माझ्यापुढे सरकवायच्या. माझी बायको सुनंदा एकदा सोबत आली होती. पर्सिमन या नारिंगी फळाच्या झाडाला इथे काकी म्हणतात हे कळल्यावर ती म्हणाली, "अहो, मग या झाडाला वाकून नमस्कार करायचा का?" मी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा मात्र सुगिउरा-सान तोंडावर हात ठेवून हसल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी मी त्या झाडापाशी पोचलो. सुगिउरा-सान विळा घेऊन तिथेच उभ्या होत्या. कोपऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "आसोको वा चोत्तो..." आणि थांबल्या.

चोत्तो म्हणजे थोडंसं, जरा. 'तिथे जरा...' एवढंच त्यांचं वाक्य. माझ्या ऑफिसात कोणी 'ते चोत्तो' म्हणून थांबलं की त्याचा अर्थ एकच असायचा, नाही. समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून वाक्य अर्धं सोडायचं. मी तोच अर्थ घेतला. बाईंना तिथे कोणी फिरायला नको असेल. मी वाकून "समजलं" म्हणालो आणि मशीन बंद केलं. पाऊस भरून आला होता, खांदा दुखत होता. मला हवा तो अर्थ मिळाला होता.

मराठीतही आपण 'तिथे जरा...' म्हणून थांबतो. पण तेव्हा समोरचा विचारतो, "जरा काय?" मी विचारलं नाही.

संध्याकाळी ओगावा-साननी विचारलं, "सगळं झालं?" मी म्हणालो, झालं.

पुढे खोदायचं मशीन आलं. त्याच्या पहिल्याच घासात त्या कोपऱ्यातून हिरवी पडलेली नाणी वर आली. काम थांबलं. गावाचा भाताचा हंगाम बुडाला. पालिकेचे तज्ज्ञ म्हणाले, नाणी जुनी आहेत, पण माती उलटीपालटी झाल्यामुळे ती तिथे कधीपासून होती ते सांगता येत नाही. अशी नाणी जुन्या घरांच्या माळ्यावर पडलेली असतात, बाजारातही मिळतात. त्यात जमीन एकत्र करण्याच्या करारावर सहीऐवजी लागणारा आपला शिक्का उठवायला सुगिउरा-साननीच सगळ्यात जास्त वेळ लावला होता. लोकांनी दोन आणि दोन चार केले. म्हणून ती सभा, आणि म्हणून मिझुनो-सानचा तो प्रश्न. मशीनने कोपरा पाहिला असेल आणि काही मिळालं नसेल, तर नाणी नंतर कोणीतरी पुरली. कोणी, ते बोलायची गरज नव्हती.

सुगिउरा-साननी माझं उत्तर ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली केली.

परत येताना गाडीत मी ओगावा-सानना म्हणालो, "त्या कोपऱ्याबद्दल मला काही सांगायचंय."

"तुम्ही पाहिला म्हणालात ना?"

"म्हणालो."

"मग पाहिला." त्यांनी रेडिओ लावला.

गावाने सुगिउरा-सानशी भांडण केलं नाही. इथे तसं करत नाहीत. कालवा साफ करायला सगळे जमायचे तेव्हा त्यांना निरोप जाईनासा झाला, एवढंच. मला हे मिझुनो-सानच्याच बोलण्यातून कळत होतं, आणि तरी मी गप्प होतो. कोपरा सोडला ती चूक होती. 'हाय' ही चूक नव्हती. ते मी ठरवून म्हटलं होतं, कारण पुढच्या गावाचं काम मिळणार होतं आणि त्यात मी मशीनवाला म्हणून ओळखला जाणार होतो. शेवटी सुगिउरा-सान घर विकून मुलीकडे कोबेला गेल्या.

गेल्या वर्षी ओगावा-साननी कंपनी बंद केली. गमावण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी मिझुनो-सानकडे जाऊन खरं सांगितलं. त्यात कसली हिंमत नव्हती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "कोबेला मीही येतो. प्रश्न मी विचारला होता."

सुगिउरा-सान मुलीच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी बसल्या होत्या. मी गुडघे टेकून सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मला माहीत होतं. घरी गेल्यावर स्वयंपाकघरातून दिसत होतं. तुम्ही मशीन गाडीत ठेवलंत."

मिझुनो-सान म्हणाले, "मग सभेत बोलला का नाहीत?"

"बोलले ना. यांना सुचवलं होतं, असं म्हणाले. सासूबाई सांगायच्या की तिथे कुदळ कशावर तरी वाजते. पण त्यासाठी पाहुण्याला कामाला कसं लावायचं, म्हणून अर्धंच बोलले." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही हाय म्हणालात. मशीन तुमच्याकडे होतं. माझ्याकडे सासूबाईंची गोष्ट. तुम्हीच सांगा, लोकांनी कोणाचं खरं मानलं असतं?"

मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी फक्त मिझुनो-सानना दारापर्यंत सोडलं.

मिझुनो-साननी सूचनांच्या पाटीवर एक कागद लावला. ही पाटी गावात घरोघर फिरते आणि प्रत्येक घर वाचल्याचा शिक्का मारून ती पुढे देतं. कागदावर माझं नाव होतं आणि मी केलं ते होतं. पाटी सगळीकडे फिरून परत आली. शिक्के सगळ्यांचे होते. ज्या घरासाठी तो कागद होता, ते पाडून झालेलं होतं.

हे काम करणाऱ्यांसाठी एक सांगतो. जिथे मशीन फिरवलं नाही, तिथे काही नाही असं म्हणू नका. पाहिलं नाही, असं म्हणा. त्याने फार तर एक काम जातं.