अंबाडीचा आडोसा

पाणी साचू नये म्हणून तूर उंच वाफ्यांवर लावा, असं मी कुहीकडच्या एका गावात सांगत होतो. एकच बाई तयार झाल्या, त्याही शेताच्या एका कोपऱ्यापुरत्या. बोलताना त्यांची नजर सारखी रस्त्याकडे. त्या कडेला त्यांनी आडोशाला दाट अंबाडी पेरली.

“फसलं त लोकं हासतीन,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नागपूरले चालले जासान भाऊ, मले इथंच राहाचं हाय.”

आठवडाभराच्या झडीनंतर मी धास्तावूनच गेलो. शेजारची तूर पाण्यात पिवळी पडली होती. बाई मात्र रस्त्याकडे पाठ करून अंबाडी कापत होत्या. समोर वाफ्यांवर त्यांची तूर हिरवीगार उभी होती. माझा जीव भांड्यात पडला.

अंबाडीची पेंडी त्यांनी माझ्या हातात दिली.

“भाजी करजा. आता दिसू द्या रस्त्यावरून.”