मोठी डिस्क, धाकटी डिस्क

धुळ्याच्या दुकानात भेटलेल्या त्या गिऱ्हाइकाचं नाव मी विचारलंच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघा भावांनी जळगावच्या घरात दोन कॉम्प्युटर केबलने जोडले होते. धाकट्याने छपाईसाठी तयार केलेल्या लग्नपत्रिकांनी आमची सामायिक हार्ड डिस्क भरली. तिच्या जोडीला चालेल अशी दुसरी घ्यायला मी ती टॉवेलात गुंडाळून धुळ्याला नेली.

दुकानात दोन्ही लावल्या, तर पडद्यावर एकही दिसेना. धाकट्याचं लग्नसराईचं सगळं काम त्या जुन्या डिस्कवर होतं.

"एक मास्टर, दुसरी स्लेव्ह लागते. म्हणजे गुलाम," दुकानदार म्हणाला.

शेजारी चोपड्याकडचं एक गिऱ्हाईक नवी डिस्क नारळासारखी कानाशी धरून पारखत होतं. ते अहिराणीत एकदम उसळलं.

"गुलाम काबरं म्हनतस, भाऊ? दोन्ही मोठा भाऊ शेतस. एकले धाकला करा!"

दोन्ही मोठे भाऊ होऊन बसलेत, एकीला धाकटं करा, असं त्याचं म्हणणं. करंगळीच्या वाढवलेल्या नखाने त्याने माझ्या नव्या डिस्कमागच्या पिनांवरची इवलीशी प्लास्टिकची टोपी उपटली आणि शेजारच्या पिनांवर बसवली. पडद्यावर दोन्ही डिस्कची नावं झळकली! जुनं काम जसंच्या तसं होतं. त्याने माझ्या पाठीत अशी थाप मारली, की जणू त्याच्याच घरी बारसं होतं.

मी धावत टेलिफोन बूथ गाठला.

"चालली रे! जुनी मोठी, नवी धाकटी. आता सगळं ओझं नवीवर टाकायचं."

पलीकडे धाकटा खदखदून हसला. "म्हणजे तिथंही आपल्या घरासारखंच का, दादा?"