बनशंकरीहून समुद्रावर

बेंगळुरूतल्या आमच्या बनशंकरीच्या दारातून ट्राम सुटते आणि डुलत डुलत थेट समुद्रावर जाते, असं मी तीस वर्षं मालवणला सांगत आलो होतो. सासुरवाडी मालवणची. तिथे समुद्र नसलेल्या गावच्या जावयाला माशाचं शेपूट वाढतात. मला मधला तुकडा हवा होता. मालवणकर कुणी बेंगळुरूला फिरकले नाहीत, त्यामुळे समुद्र दर भेटीत वाढत गेला. शेवटी मी त्यात एक दीपगृहही बांधलं.

यंदा बायकोची ऐंशीची आत्या ऐन नारळी पौर्णिमेला आली, नारळ घेऊन. आयुष्यात एकाही पौर्णिमेला तिचा नारळ समुद्राला चुकला नव्हता.

"म्हटलं, यंदा जावयांच्या समुद्राक देऊया. ट्राम कितक्या वाजता असा?"

"न्या आता दीपगृहावर," एवढंच बायको म्हणाली.

मेट्रोला ट्राम म्हणणं जड गेलं नाही. तपासणीच्या पडद्यावर मात्र नारळ तोफगोळ्यासारखा दिसला.

"एनु इदु?" (हे काय?) रक्षक बाईने विचारलं.

"तेंगिनकाई (नारळ), अक्का. समुद्राला द्यायचाय," मी कन्नडमध्ये सांगितलं.

"समुद्र मंगळुरूला, सार."

"काय म्हणता ती?" आत्याने विचारलं.

"शुभेच्छा देतायत."

गाडी गच्च्यांवरून निघाली. पीण्या भागातल्या कारखान्यांच्या पत्र्यांना मी गोदी म्हणालो. आत्या मान हलवत होती, त्यामुळे मला जोर चढला.

शेवटच्या स्थानकावरून रिक्षा केली आणि एका तळ्याशी उतरलो. ते उपनगर इतकं शांत, की कुत्रंसुद्धा भुंकण्याआधी आजूबाजूला बघत होतं. गाडीवर चुरमुरी (आपली भेळ, पण कोरडी) खाल्ली आणि काठावर गेलो. पाण्यात चार बदकं होती.

"लाटो खंय?" (कुठे) आत्याने विचारलं.

"ओहोटी आहे."

"आणि दीपगृह?"

मी पलीकडची पाण्याची टाकी दाखवली.

तेवढ्यात राखणदार आला. "पाण्यात नारळ बेड (नको), सार."

आत्याने नारळ पदराखाली घेतला आणि छातीशी धरला. ते बघून माझी सगळी मस्ती उतरली. राखणदाराला बाजूला घेऊन मी शेपटापासून दीपगृहापर्यंत सगळं कन्नडमध्ये कबूल केलं. तो हसून हसून काठीवर रेलला.

"सरी (बरं). पण तरंगला की तुम्हीच परत काढायचा."

आत्याने हात जोडून नारळ सोडला. तो वाऱ्यावर निघाला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मागे निघालो, आणि तिसऱ्या पावलाला कमरेपर्यंत चिखलात गेलो. नारळ हाती आला, चप्पल गेली. राखणदाराने काठी पुढे करून मला ओढून काढलं. एवढ्या वेळात बदकांनी जागाही सोडली नाही.

परतीच्या गाडीत मी चिखलासह उभा होतो. आत्याने मालवणला फोन लावला.

"दिलंय गो नारळ. समुद्र? मोठो! जावयांका लाटेन ओढून व्हेल्यान (नेलं). दीपगृहावाल्यान काठी घालून काढल्यान."

फोन ठेवल्यावर मी हळूच विचारलं, "आत्या, तुम्हाला कधी कळलं?"

"तीस वर्षां झाली. तुमच्या अंगाक मिठाचो वास खंय असा?"

"मग तुमचा नारळ चुकला की."

"पाणी खंयचाय असांदे, शेवटाक समुद्राकच जाता." मग पिशवीतला नारळ चाचपून म्हणाली, "ह्याचो आज नारळीभात. श्रावण सरलो की मालवणाक येवा. मधलो तुकडो तुमचो."

तीस वर्षं घसा फोडून मला जे जमलं नाही, ते आत्याने एका फोनात केलं: माझा समुद्र सगळ्यांना खरा वाटला. पुढच्या पौर्णिमेला मालवणहून अकरा माणसं नारळ घेऊन येतायत. तोवर राखणदाराला गाठून टाकीवर लाल-पांढरे पट्टे मारून घ्यायला हवेत.