माझा दाखला कुणी मागितला नाही

विमानतळावर माझी धाकटी बहीण सुनीता रडली नाही. तिनं माझ्या बॅगेची चेन दोनदा ओढून पाहिली आणि हळूच विचारलं, "ताई, तिथं कुणी शाळेचा दाखला मागितला तर?"

मॉरिशसमधल्या आपल्या गावात हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. मी चौदा वर्षांची असताना आई आजारी पडली, हॉटेलच्या लॉन्ड्रीत तिच्या जागी मी उभी राहिले, आणि शाळा सुटली ती सुटलीच. इंग्रजी मी पाहुण्यांना टॉवेल देता देता शिकले. पुढे रिसेप्शनवर बसायला लागले, तेव्हा नंदुरबार जिल्ह्यात शाळेची संस्था चालवणारं एक पाटील जोडपं तिथं उतरलं. देवळातल्या वर्गात शिकलेलं माझं मराठी ऐकून काकू खुलल्याच. "आमच्या शाळेत या की! पोरींना इंग्रजी वाचता येतं, पण बोलायला तोंड उघडत नाहीत." मी किती शिकले, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बाबा म्हणायचे, "आपण महाराष्ट्रातून गेलेल्यांची माणसं. परत या म्हणणारं तिकडं कुणी उरलेलं नाही." आणि मला तर कुणीतरी या म्हणत होतं. चाळिशी उलटल्यावर. मी आले.

खांडबाऱ्याच्या स्टेशनावर मुख्याध्यापक आणि चार मुली हार घेऊन उभ्या होत्या. मी उतरले, तरी हार हातातच. सगळे माझ्या मागं, डब्याच्या दाराकडं बघत होते. गाडी हलली तेव्हा सरांनी मलाच विचारलं, "फॉरेनच्या मॅडम उतरल्या नाहीत का हो?" मीच ती, म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सर रनाळ्याचे, आनंद झाला की अहिराणीवर येतात. "अरे, ही तं आपलीच शे!" म्हणाले. मुलींचे चेहरे मात्र उतरले. त्यांना गोरी बाई हवी होती.

आपलीच म्हणाले खरे. पण "तुमचं गाव कोणतं?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि इथं ओळख त्या प्रश्नापासूनच सुरू होते. बाजारामागं मला खोली दिली. शेजारच्या बाया आपसात त्यांच्या बोलीत बोलतात, माझ्याशी शाळेतलं मराठी. मी आले की ओट्यावरचं हसणं जरा सावरतं. सुनीता, तू फोनवर विचारतेस आणि मी छान म्हणते. खरं सांगते, पहिले काही महिने रविवारी मी कुकरशी आपल्या तिकडच्या क्रेओल बोलीत बोलायचे. दुसरं कोण होतं?

वर्गात पहिल्यांदा तोंड उघडलं ते दहावीतल्या योगितानं. "मॅडम, व्हाय यू केम? हिअर एव्हरीबडी गोइंग."

ती काय म्हणत होती ते दिवाळीनंतर कळलं. बाकं रिकामी व्हायला लागली. घरंच्या घरं ऊसतोडणीला गुजरातेत निघाली. ज्या पिकासाठी आपले पूर्वज बोटीत चढले, त्याच पिकासाठी माझा वर्ग ट्रकमध्ये चढत होता. मग योगिताही यायची थांबली, तेव्हा सर आणि मी तिच्या घरी गेलो.

तिचे वडील रायसिंगभाऊ अंगणात कोयत्याला धार लावत होते. "मॅडम, एक कोयता म्हणजे दोन माणसं," ते म्हणाले. "मी तोडणार, मोळी कोण बांधणार? हिच्या आईचा हात असा." आईचा उजवा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला होता.

"दहावीचं वर्ष आहे, भाऊ," सर म्हणाले.

"पुढल्या साली बसेल. एका हंगामाचाच तर प्रश्न आहे."

मला ते ऐकवेना. "मीपण आईच्या जागी एकाच हंगामापुरती उभी राहिले होते," मी म्हटलं. "परत शाळेत गेलेच नाही. माझं शिक्षण आठवी नापास." सरांकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

रायसिंगभाऊ मोठ्यानं हसले. "मंग झालं ना! तुम्ही बिनशाळेच्या मॅडम झाल्या, विमानात बसल्या. माझ्या पोरीचंच काय अडतं?"

माझं खरं असं माझ्याच अंगावर येईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. दारात उभी असलेली योगिता खाली बघत होती.

"मी बाहेरची, भाऊ. म्हणून मला कुणी कागद मागितला नाही. ही इथली आहे. हिला प्रत्येक दारात मागतील. शिपायाच्या नोकरीलासुद्धा."

ते हसायचे थांबले. बोलली ती योगिताची आई. "माझ्या बहिणीला घ्या जोडीला. मी येते, एका हातानं काय होईल ते रांधीन. पोरगी ऱ्हाऊ द्या."

परतताना सर फाट्यापर्यंत माझ्या पुढं चालत होते. मी मनात बॅग भरत होते. मग ते म्हणाले, "सतरा नंबरचा फॉर्म भरा मॅडम. बाहेरून दहावीला बसा, योगिताच्या मागच्या बाकावर. फक्त तिची कॉपी करू नका." मी हसले, आणि तिथंच रस्त्यात रडले. संस्थेला त्यांनी सगळं सांगितलं. शिक्षकांच्या यादीतून माझं नाव गेलं, इंग्रजी बोलण्याचा तास राहिला. या माणसांचे उपकार मी कसे मानू?

योगिता वसतिगृहात राहिली. आई-बापाचा ट्रक गेला त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. दोन आठवड्यांनी व्हरांड्यात अडवून म्हणाली, "तुमच्यामुळं मी एकटी राहिले." खरंच होतं. मी फक्त म्हटलं, "रविवारी जेवायला ये."

आली. जेवली, गेली. पुढच्या रविवारीही आली.

तुम्ही तिकडं मागं राहिलेले आणि माझ्यासारखे निघून गेलेलेही विचारता, आता घर कुठलं? माझं गाव अजून मला सांगता येत नाही. पण रविवारी मी दोन माणसांचं पीठ काढते, आणि गाल फुगवून का होईना, एक मुलगी माझ्या दारात चपला काढते. परवा ती थोडा वेळ परातीकडं बघत उभी राहिली.

"सरका मॅडम," म्हणाली, "तुमच्या भाकरी तुटतात."

मी सरकले.